राजीनामा लिहून ठेवलाय, देऊ का?

'मॅडम, मी २७ वर्षांची. मराठवाड्यातल्या एका सज्जावर ग्राम महसूल अधिकारी आहे. पदाचं नाव बदललं तरी गावात सगळे तलाठीच म्हणतात. बी.ए. इतिहास, खुला प्रवर्ग. घरी आईवडील, बारावीतला भाऊ आणि साडेतीन एकर जिरायत. यूपीएससीची पूर्व परीक्षा दोनदा दिली. २०२३ ला सामान्य अध्ययनातच गेले. २०२४ ला तो पेपर बरा गेला, पण सीसॅटला, म्हणजे गणित आणि उताऱ्यांच्या दुसऱ्या पेपरला ६०.८३ पडले, लागतात ६६. मग तलाठी भरतीतून नोकरीवर हजर झाले आणि २०२५ ला बसलेच नाही.

सप्टेंबरच्या अतिवृष्टीत मी पंचनामे करत होते. एका शेतकऱ्याचं सगळं सोयाबीन गेलं. जमिनीचं खातं सामायिक, भाऊ पुण्याला, तो संमतीपत्र देईना, म्हणून मदत अडली. महिनाभर मी फोन करत होते. मग कलेक्टर साहेब पाहणीला आले, दहा मिनिटं थांबले, तिथूनच दोन फोन केले आणि आठ दिवसांत संमतीपत्र आलं. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. दिल्लीला गेलेल्या मैत्रिणी म्हणतात, नोकरी करत कुणी आयएएस होत नाही, आणि तलाठीच तर आहेस, सोड. वडील म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नको. स्थळं येतायत, त्यांना मुलगी नोकरीवालीच हवी आहे. राजीनामा लिहून कपाटात ठेवलाय. देऊ का?'

प्रिय मैत्रिणी,

तुला 'तू'च म्हणते, माझी भाची तुझ्याच वयाची आहे.

राजीनामा देऊ नकोस. निदान या वर्षी तरी तो कागद तहसील कार्यालयात जाता कामा नये. का, ते सविस्तर सांगते, कारण तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि त्यातल्या दोन गोष्टी काही केल्या डोक्यातून जात नाहीत. एक तो ६०.८३ चा आकडा. दुसरी, ती दहा मिनिटं.

आधी माझं सांगते, म्हणजे मी हे कशाच्या जोरावर बोलतेय ते तुला कळेल. १९९३ साली मी लातूरला एका बँकेत क्लार्क होते. ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं, माणसं दमून झोपलेली. पुढे अनुदानाची खाती उघडायला बँकेने आम्हाला गावोगाव पाठवलं. एका गावात पत्र्याच्या शेडमध्ये तिथला तलाठी बसला होता. पुढ्यात लोखंडी ट्रंक, तिचंच टेबल केलेलं. ढिगाऱ्यातून काढलेलं दप्तर पावसात भिजलं होतं. त्याची पानं सुटी करून त्याने शेडभर वाळत घातली होती, प्रत्येक पानावर एक खडा. समोर माणसांची रांग. प्रत्येकाला तो तेच विचारायचा, घरात किती होते आणि आता किती आहेत. उत्तर ऐकायचा, मान खाली घालून लिहायचा, पुढच्याला बोलवायचा. दुपारी कुणीतरी हळूच सांगितलं, याचीही पोरगी गेली. त्या संध्याकाळी परतीच्या एसटीत मी ठरवलं, आपण सरकारात जायचं.

म्हणून 'तलाठीच तर आहेस' हे वाक्य वाचून मला राग आला. तुझ्या मैत्रिणींना कळव.

त्या वेळी खुल्या गटाला चारच संधी होत्या. पहिली मी १९९४ ला बँकेत राहून दिली. पूर्व निघाली, मुख्य परीक्षेत राहिले. मग वाटलं, आता पूर्ण वेळ द्यायचा. आठ महिन्यांची बिनपगारी रजा काढली, आणि १९९५ ला माझी पूर्वसुद्धा निघाली नाही. दिवसभर वेळ होता आणि दिवसभर भीती होती. आईने भाजीला दहा रुपये मागितले तरी पोटात गोळा यायचा. संध्याकाळी किती पानं झाली याच्या हिशेबात मी एकच पान तीनतीनदा वाचायचे. १९९६ ला पुन्हा बँकेत रुजू असताना परीक्षा दिली आणि भारतीय लेखापरीक्षा व लेखा सेवेत आले, शिमल्याच्या अकादमीत. गेल्या वर्षी, २८ वर्षांनी, स्वेच्छानिवृत्ती घेतली. सगळ्यांचं माझ्यासारखंच होतं असं नाही. पूर्ण वेळ बसून निवडली गेलेली पुष्कळ मुलं मी पाहिली आहेत. पण नोकरी करता करता आलेलेही माझ्या तुकडीत होते, त्यामुळे 'कुणी होत नाही' हे काही खरं नाही.

आता तुझे आकडे. तू बसलीस त्या २०२४ च्या परीक्षेला ९,९२,५९९ अर्ज आले होते. प्रत्यक्ष बसले ५,८३,२१३. मुख्य परीक्षेला पात्र ठरले १४,६२७, मुलाखतीला २,८४५ आणि शेवटी शिफारस झाली १,००९ जणांची. त्यातही आयएएसच्या जागा १८०. वडिलांशी बोलताना हे आकडे लपवू नकोस, त्यांच्यासमोर कागदावर मांड. त्यांची भीती तू सांगण्याआधीच त्यांना माहीत आहे, आणि ती तुलाही दिसते एवढं कळलं तरी ते निम्मे शांत होतील.

पण त्याच परीक्षेतला तुझा स्वतःचा आकडा बघ. सीसॅटचे ८० प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण, चुकलं की एक तृतीयांश कापतात. ६०.८३ म्हणजे ३० बरोबर आणि १७ चूक, किंवा २८ बरोबर आणि ११ चूक, अशी काहीतरी जोडी असणार. आणखी तीन प्रश्न आले असते तर तू पास होतीस. किंवा नुसत्या अंदाजाने मारलेले सात चुकीचे प्रश्न सोडून दिले असतेस तरी ६६.६६ झाले असते. तीन प्रश्नांसाठी नोकरी सोडून दिल्ली गाठायची नसते गं.

सीसॅटला कला शाखेची मुलं 'फक्त पात्रतेचा पेपर' म्हणून शेवटच्या महिन्यावर टाकतात आणि तिथेच अडकतात. २०२३ च्या पेपरने तर भल्याभल्यांना घाम फोडला. तू आठवी ते दहावीच्या गणितापासून सुरू कर. शेकडेवारी, गुणोत्तर, संख्यांचे गुणधर्म, काळ-काम-वेग. रोज एक तास, आणि हा तास सकाळचा, डोकं ताजं असताना. रविवारी घड्याळ लावून एक जुना पेपर. कोणता प्रश्न सोडायचा हे शिकायला महिने लागतात, ते सरावाशिवाय येत नाही. उतारे इंग्रजीत आणि हिंदीत असतात, मराठीत नाहीत, तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्राचं एक संपादकीय रोज मोठ्याने वाच. पूर्व परीक्षेपुरता तुझा खरा अभ्यास हा. सामान्य अध्ययन तुला जमतंय, ते २०२४ ने दाखवलं.

भाषेबद्दल तू विचारलं नाहीस, पण 'बी.ए. इतिहास' लिहिताना तुझा आवाज जरा खाली गेला असं मला वाटलं. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मुलाखतही मराठीतून देता येते. १९७९ पासून, कोठारी समितीच्या शिफारशीनंतर, ही वाट खुली आहे. मी स्वतः मराठीतूनच लिहिलं. अडचण असते ती साहित्याची. वाचायचं इंग्रजीत आणि लिहायचं मराठीत, त्यामुळे स्वतःच्या टिपणांना पर्याय नाही, आणि त्यांना वेळ लागतो. शिवाय इंग्रजीचा ३०० गुणांचा सक्तीचा पेपर असतो. त्यात २५ टक्के पडले नाहीत तर बाकीचे पेपर तपासलेच जात नाहीत. वैकल्पिक विषय इतिहास घे किंवा मराठी साहित्य. दोन्ही चांगले आहेत. पण एकदा घेतला की पुन्हा बदलू नकोस. १,७५० पैकी ५०० गुण तिथे आहेत.

आता तुझ्या नोकरीचं वेळापत्रक. मार्चअखेरीला वसुली, एप्रिल-मेमध्ये टंचाई आणि टँकर, आणि त्याच सुमाराला पूर्व परीक्षा. मुख्य परीक्षा पावसाळ्याच्या शेवटी, म्हणजे नेमकी पंचनाम्यांच्या दिवसांत. महसूल खात्यातल्या माणसासाठी ही परीक्षा मुद्दाम आडवी लावल्यासारखी आहे. यावर मला एकच उपाय माहीत आहे, रजा साठवायची. अर्जित रजा वर्षाला ३० दिवस जमा होते, तिला लग्नसराईत हात लावू नकोस. पूर्वच्या आधी सलग वीस-पंचवीस दिवस मिळाले तरी खूप झालं. अर्ज भरताना कार्यालय प्रमुखांना लेखी कळव. तसं कळवल्याचं अर्जात लिहून द्यावंच लागतं. ती पोच जपून ठेव. तहसीलदारांना आधीच, शांतपणे, समोर बसून सांग. लपवून अभ्यास करणाऱ्याला ऐन वेळी रजा मिळत नाही. आणि ज्या वर्षी तयारी झाली नाही, त्या वर्षी परीक्षेला जाऊ नकोस. अर्ज भरल्याने संधी मोजली जात नाही, पूर्वच्या एका पेपरला बसलीस की मोजली जाते. २०२५ ला तू बसली नाहीस, म्हणजे तुझ्या सहापैकी चार संधी अजून शाबूत आहेत.

दिल्लीच्या मैत्रिणींना एक विचार. आठवड्याला किती उत्तरं लिहिता, आणि ती कोण तपासतं? याचं उत्तर नीट मिळालं तर त्यांच्याकडून ती उत्तरं मागव, बघ, शीक. नाही मिळालं तर समज की त्या नुसतं खोलीचं भाडं भरतायत आणि अभ्यासिकेतला नंबर सांभाळतायत. सदाशिव पेठेत आणि नवी पेठेत मी अशी मुलं पाहिली आहेत. सकाळी सातला टेबल धरतात, रात्री दहाला उठतात, मेसचा डबा खातात, आणि घरून फोन आला की 'या वेळी होईल' म्हणतात. वाईट मुलं नसतात ती. गावी परत जायला त्यांच्याकडे काही उरलेलं नसतं, म्हणून ती तिथेच राहतात. तुझ्याकडे आहे. २५,५०० च्या मूळ वेतनाची, स्वतःच्या नावाची, कुणाच्या शिफारशीशिवाय मिळवलेली जागा आहे. तिच्या जोरावर तू परीक्षा बेडरपणे देऊ शकतेस.

आणि ही नोकरी अभ्यासातला वेळ खाते हे अर्धंच खरं. जमीन सुधारणा, आपत्ती व्यवस्थापन, शेतीचे प्रश्न, कल्याणकारी योजना लोकांपर्यंत का पोचत नाहीत, हे सगळं सामान्य अध्ययनाच्या पेपरांत येतं. नीतिशास्त्राच्या २५० पैकी जवळजवळ निम्मे गुण प्रसंगांवर असतात. खोलीत बसलेला मुलगा ते प्रसंग कल्पनेने लिहितो. तुझ्या टेबलावर ते रोज येतात. फेरफारासाठी पाकीट सरकवणारा, वाळूच्या ट्रॅक्टरसाठी फोन करणारा पुढारी, उत्पन्नाचा दाखला कमी करून मागणारी विधवा. एक वही कर. रोज रात्री त्या दिवसाचा एक प्रसंग दहा ओळींत लिही. काय झालं, नियम काय होता, तू काय केलंस, काय करायला हवं होतं. ही वही मुलाखतीतही तुझ्या कामी येईल, कारण तिथे पहिला प्रश्न तुझ्या कामावरच येणार.

आता ती दहा मिनिटं.

तू पाहिलंस ते खरं आहे. त्या खुर्चीच्या एका फोनने महिनाभर अडलेला कागद हलतो. असं काम आपल्या हातून व्हावं असं वाटणं ही फार चांगली इच्छा आहे, ती कुणाच्या टोमण्याने विझू देऊ नकोस. पण मी २८ वर्षं सरकारी खर्चाचे कागद तपासले आहेत, तेव्हा त्या दहा मिनिटांच्या मागचंही सांगते. कलेक्टरांना कुठल्या शेतकऱ्याचं काय अडलंय हे कळलं, कारण तू पंचनामा बरोबर केला होतास आणि सामायिक खात्याची अडचण शेऱ्यात लिहिली होतीस. तू लिहिलंच नसतंस तर त्यांनी फोन कुणाला केला असता? लेखापरीक्षणात आम्ही मंत्रालयातल्या आदेशापासून निघायचो आणि कोषागार, तहसील असं करत शेवटी पोचायचो ते तलाठ्याच्या यादीवर. ती यादी खरी असेल तर वरचं सगळं उभं राहायचं. खोटी असेल तर वरच्या सगळ्या सह्या नुसती शाई.

आणि कलेक्टरच्याही हातात सगळं नसतं. जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५०० हे २०२५ चे दर जिल्ह्यात ठरले नव्हते. असे दर केंद्राच्या आपत्ती निकषांतून येतात, वाढवायचे तर राज्य मंत्रिमंडळ वाढवतं. पूर्ण वाहून गेलेल्या शेतासमोर उभं राहून तोच आकडा सांगायची वेळ कलेक्टरवरही येते, आणि तेव्हा फोन करायला समोर कुणी नसतं. हेही काम करायची तुझी तयारी आहे का, ते स्वतःला विचार.

आणखी एक, ज्याचा तुझ्या पत्रात उल्लेखच नाही. यूपीएससीतून आयएएस झालीस तर तुझा मराठवाडा तुला मिळेलच असं नाही. केडर मिळतं, म्हणजे नेमून दिलेलं राज्य. ते आसाम असेल, ओडिशा असेल, तमिळनाडू असेल. तिथल्या लोकांसाठी, त्यांची भाषा शिकून, तीस-पस्तीस वर्षं काम करायचं. अनेक जण ते प्रेमाने करतात. पण तुझ्या मनातला तो शेतकरी जर आपल्याच मातीतला असेल, तर राज्यसेवेकडे नीट बघ. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, यूपीएससीच्या वळणाची. म्हणजे अभ्यास जवळजवळ एकच, खुल्या गटाला वय ३८ पर्यंत, आणि तहसीलदार किंवा उपजिल्हाधिकारी झालीस तर महाराष्ट्रातच. आयएएसमधल्या एक तृतीयांश जागा राज्यांच्या अधिकाऱ्यांना बढतीने मिळतात, तेव्हा उपजिल्हाधिकाऱ्याची कलेक्टर होण्याची वाटही खरी आहे, लांबची असली तरी. मी तुझ्या जागी असते तर दोन्ही परीक्षा दिल्या असत्या, आणि राज्यसेवेला दुय्यम मानलं नसतं.

स्थळांचं थोडक्यात सांगते, कारण तिथे माझं मत ठाम आहे. बघायला येतील तेव्हा मुलाला समोरासमोर सांग की पुढची तीन वर्षं उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात मी अभ्यासाला बसणार, आणि निवड झाली तर कदाचित दुसऱ्या राज्यात जाणार. यावर उत्तर मुलगा देतो की त्याची आई, ते बघ. मुलाने स्वतः तोंड उघडून पुढचा प्रश्न विचारला तर बोलणं पुढे न्यायला हरकत नाही. गप्प बसला तर चहा देऊन निरोप दे.

मुदत मात्र आज ठरव, निकालाच्या दिवशी ठरवशील तर चुकेल. पुढच्या दोन संधी नोकरीत राहून दे. त्यातल्या एकीत जरी मुख्य परीक्षेपर्यंत पोचलीस, तर तिसऱ्या वेळी रजेचा अर्ज टाक, बिनपगारी लागली तरी चालेल. तोवर तुझा परिविक्षेचा, म्हणजे प्रोबेशनचा काळ संपलेला असेल, खात्याच्या परीक्षाही होऊन गेलेल्या असतील आणि भाऊ पदवीच्या शेवटच्या वर्षाला असेल. दोन्ही वेळा पूर्वच निघाली नाही, तर यूपीएससी तिथे थांबव आणि सगळा जोर राज्यसेवेवर लाव. हे वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिही आणि वडिलांना वाचून दाखव. 'एकदा बघू' यापेक्षा 'दोनदा, आणि मग थांबेन' हे त्यांच्या कानाला वेगळं लागेल. वय १ ऑगस्टला ३२ पूर्ण झालेलं चालत नाही, तुझ्या जन्मतारखेवरून शेवटचं वर्ष कोणतं ते आजच मोजून त्याच पानावर लिही.

आता त्या शेतकऱ्याबद्दल. कलेक्टरांच्या फोनने या वर्षीचं संमतीपत्र आलं. खातं अजून सामायिकच आहे. पुढच्या अतिवृष्टीत, पीक विम्याला, कर्जाला, तो भाऊ पुन्हा पुण्यालाच असणार. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटपाचा अर्ज तहसीलदारांकडे करता येतो, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्याला माहीत आहे का? सोमवारी त्याला सज्जावर बोलाव, सातबारा आणि आठ-अ समोर ठेव, लागणाऱ्या कागदांची यादी तुझ्या हाताने लिहून दे. दिवाळीला भाऊ गावी येतो का, तेही विचारून घे. सह्या तेव्हाच होतील.

अर्ज दाखल झाला की मला कळव.